पटिपत्ती म्हणजे काय?



वंदनेत संकल्प म्हणताना ‘धम्मानुधम्मपटिपत्ती’ हा लांबलचक शब्द आपण सारे एका सुरात उच्चारतो. गेल्या वर्षावासात रविवारच्या वर्गातील एका मुलीने पटिपत्ती म्हणजे काय असे विचारले, तेव्हा आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कुणालाच धड सांगता आले नाही. ज्या शब्दाने आपण बुद्धाची पूजा करतो, तोच आपल्याला ठाऊक नसावा!

पालीत ‘पद’ धातूचा अर्थ जाणे. त्याला ‘पटि’ हा उपसर्ग लागला की वाटेला लागणे. त्यावरून पटिपत्ती म्हणजे आचरण. मज्झिमा पटिपदा, म्हणजे मध्यम मार्ग, हा त्याच कुळातला शब्द. संस्कृतातील प्रतिपदाही त्याच कुळातली आणि तिचाच प्राकृतातून आलेला पाडवा तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

याच्या जोडीचा शब्द परियत्ती, म्हणजे धम्मवचनांचे अध्ययन. आपला ‘पर्याप्त’ हा त्याचा सख्खा भाऊ. पर्याप्त म्हणजे पुरेसे. पण नुसती परियत्ती पुरत नाही, म्हणून अट्ठकथांत तिच्यापुढे पटिपत्ती आणि पटिवेध, म्हणजे स्वतःला आलेली प्रचीती, अशा पायऱ्या मांडल्या आहेत.

तरी अध्ययनाला कमी लेखू नये. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, सिंहलद्वीपात भीषण दुष्काळ पडला. तिपिटक तेव्हा मुखोद्गत होते. भिक्षू गेले की वचनेही जाणार. दुष्काळ सरल्यावर भिक्षूंमध्ये वाद झाला : शासनाचे मूळ आचरणात की अध्ययनात? टाकलेल्या चिंध्यांचे चीवर वापरणारे पांसुकूलिक म्हणाले, आचरणात. धम्मकथिक म्हणाले, अध्ययनात; पुरलेल्या धनाची खूण दगडावर कोरलेली आहे तोवर धन हरवत नाही. निर्णय धम्मकथिकांच्या बाजूने लागला. वट्टगामणीच्याच काळात तिपिटक लिहून काढले गेले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले.

दाखला आम्हाला पटतो. पण खूण वाचून खणायचे कुणी? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात २२ प्रतिज्ञा दिल्या. चोरी, खोटे बोलणे, दारू सोडण्याच्या प्रतिज्ञा त्यांत आहेत. त्या पाठ म्हणणे ही परियत्ती. घरी पाळणे ही पटिपत्ती. पाठांतराला आपण बक्षिसे देतो, दुसरीची विचारपूसही करीत नाही.

येत्या आषाढ पौर्णिमेपासून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन सुरू झाले की, रोज वाचनानंतर दहा मिनिटे एकेकाने घरी काय पाळले, काय जमले नाही, ते सांगायचे असे आम्ही ठरविले आहे. पहिली पाळी आम्हा वडीलधाऱ्यांची.