चामखिळीपासून बार्शीपर्यंत

उज्जैनमधल्या नानाखेड्यातल्या वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापला होता ‘वॉर्ट म्हणजे काय’. व्याख्यात्या त्वचारोगतज्ज्ञ. श्रोते चामखिळीवरचं औषध ऐकायला आले होते आणि सुरुवातीला त्यांना तेच मिळालं. पण डॉक्टरांच्या मनात काय आहे, ते त्यांच्या दुसऱ्याच वाक्यात कळलं होतं. बोटावर चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंच्या घराण्यातलेच काही भाऊबंद बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग देतात, आणि त्यावर लस आहे.

उज्जैनच्या मराठी घरांत आजी चामखीळ म्हणते, नातवंडं मस्सा म्हणतात. मस्सा म्हटलं की माळव्यात मूळव्याधही आठवते, म्हणून पुढच्या रांगेत हशा झाला. डॉक्टरांनी तो धागा लगेच पकडला. सुश्रुताने चर्मकील सांगितली तीही अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणात, आणि उपाय सांगितला तो शस्त्राने काढून मुळाशी क्षार किंवा अग्नी वापरण्याचा. घराघरांतला चुना-सोड्याचा लेप आणि अगरबत्तीचा चटका ही त्याच विद्येची बेभरवशाची घरगुती रूपं.

“घोड्याच्या शेपटीचा केस बांधून माझी गळून पडली,” मधल्या रांगेतून एक काका म्हणाले. टाळ्या पडल्या. डॉक्टर जरा ताठरल्या. काकांच्या मानेवरून जे गळलं ते देठावर लोंबणारं मऊ मांस होतं, म्हणाल्या. त्याला विषाणू लागत नाही. मानेवर आणि काखेत असे पुष्कळ मांसाचे कोंब फुटले, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. खरी चामखीळ खरखरीत असते, विषाणूने होते, खाजवून आणि दाढीच्या पात्याने पसरते. लहान मुलांत सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे त्या काळात जे काही बांधलं, लावलं किंवा उतरवून टाकलं, त्या सगळ्याला यश मिळतं. मधुमेही माणसाने मात्र तळपायाच्या चामखिळीवर चुना किंवा आम्ल घरी कधीच लावू नये. रंग बदलणारा, वाढणारा किंवा रक्त येणारा काळा डाग असेल, तर आधी डॉक्टरला दाखवावा.

विषाणूची गोष्ट त्यांनी भराभर सांगितली. इटलीतल्या जुझेप्पे चुफो यांनी 1907 साली चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला आणि स्वतःला टोचून घेतला. नवी चामखीळ उठली. आज या विषाणूंचे, म्हणजे एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. हातापायांवर येणारे प्रकार वेगळे, गुप्तांगावर चामखीळ आणणारे 6 आणि 11 वेगळे, आणि कर्करोग आणणाऱ्यांत 16 आणि 18 सर्वांत पुढे. मुलाच्या बोटावरची चामखीळ कर्करोग होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण एक आई लेकराचा हात धरून बसली होती. हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी 1983 मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठीत 16 क्रमांकाचा प्रकार शोधला. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

इथून पुढे बार्शी. पत्रिकेत तिचं नाव नव्हतं, पण व्याख्यानाचा मोठा भाग तिनेच घेतला. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या टाटा मेमोरियलसोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक अभ्यास सुरू केला. 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक निरोगी बायका, गावांचे 52 समूह. काही समूहांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पॅप चाचणी, काहींत व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्यांत नेहमीची सेवा. आठ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या रोगाने 34 बायका गेल्या. नेहमीच्या सेवेच्या गटात 64. चारही गटांत प्रत्येकी तीस हजारांवर बायका होत्या. डॉक्टरांचा आवाज इथे चढला. शेतावर जाणाऱ्या, परपुरुषापुढे डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बायका तपासणीला आल्या, त्यांचे निकाल 2009 मध्ये जगाने वाचले, आणि शहरातल्या शिकलेल्या घरांत अजून हा विषय काढायला लाज वाटते!

सभागृहात कुणी हललं नाही. मग मागून प्रश्न आला, “त्या कर्करोगाच्या लशीने आंध्रात आणि गुजरातेत मुली दगावल्या होत्या ना?”

डॉक्टरांनी तो टाळला नाही. 2010 साली तिथला लसीकरणाचा प्रकल्प थांबवला गेला. सात मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. मात्र पालकांची संमती घेण्यात गंभीर त्रुटी होत्या आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच होतं. त्याच वेळी देशात चाललेला एचपीव्ही लशीचा दुसरा एक अभ्यासही लस देण्याच्या टप्प्यावर थांबला. बऱ्याच मुलींना एकच डोस मिळाला होता. बार्शी आणि पुण्यासह नऊ केंद्रांनी त्या मुलींना वर्षानुवर्षं तपासलं, आणि एका डोसनेही 16 आणि 18 च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून भक्कम संरक्षण मिळतं, हे दिसलं.

आयोजकांची चिठ्ठी आली. घड्याळ पुढे गेलं होतं आणि लशीचा मुख्य भाग अजून बाकी होता. उभ्या-उभ्या त्यांनी उरकलं: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक, 2022 मध्ये मंजुरी, 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर चालते, नऊ ते चौदा वयात दोन डोस, पंधरा ते सव्वीस वयात तीन. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच.

आभार सुरू झाले, तेव्हा ती आई उठून पुढे आली. मुलाला लस दिली तर बोटावरची चामखीळ जाईल का? नाही, डॉक्टर म्हणाल्या, तिचे विषाणू वेगळे; तिच्यासाठी सॅलिसिलिक आम्लाचं औषध लिहून देते. घरी मोठी मुलगी आहे का? आहे, अकरा वर्षांची. मग तिला घेऊन या.