सर्वांचें क्षेत्र कशानें होतें?

(यात्रेस निघालेल्या मंडळींपुढें सेवाग्राम येथें झालेलें भाषण)



आपण सेवाग्राम पाहिलें. आतां वर्ध्याचा शांतिस्तूप पाहून गिरडच्या टेकडीवर जाणार. तुमच्यांत माळकरी आहेत, नमाज पढणारे आहेत, पंचशील घेतलेलेहि आहेत. तेव्हां निघण्यापूर्वीं एका प्रश्नाचा निकाल लावूं. एखादें स्थान हिंदूंचें, मुसलमानांचें आणि बौद्धांचेंहि होतें तें कशानें? पोथ्यांचा मेळ घातल्यानें, कीं माणसाला दार उघडल्यानें?

प्रथम या जागेचाच दाखला घ्या. हें गांव मूळचें शेगांव. वस्ती बहुतेक अस्पृश्य मानलेल्या लोकांची. गांधीजी १९३६ सालीं येथें राहावयास आले. पुढें गजानन महाराजांच्या शेगांवाशीं टपालाचा घोटाळा होऊं लागला, म्हणून १९४० सालीं सेवाग्राम हें नांव पडलें. येथील प्रार्थनेंत जपानी बौद्धांचा मंत्र आहे, ईशोपनिषद आहे, कुराणाच्या आयती आहेत, पारशांची गाथा आहे. हा मेळ कोणा पंडितांच्या सभेनें बसविला काय? मुळींच नाहीं! फुजी गुरुजींच्या पंथाचा एक जपानी भिक्षु आश्रमांत राहत असे आणि वाद्य वाजवीत मंत्र म्हणत असे. जपान महायुद्धांत उतरल्यावर सरकारनें त्याला धरून नेलें. त्याची आठवण म्हणून मंत्र प्रार्थनेंत राहिला. अब्बास तय्यबजींच्या कन्या रैहानाबेन आल्या, त्यांच्याबरोबर कुराण आलें. माणूस आधीं आला, मंत्र मागाहून. गोव्याच्या ब्राह्मण घरांत जन्मून सिंहलद्वीपांत बुद्धाचा धर्म शिकलेले धर्मानंद कोसंबी यांनीं जून १९४७ मध्यें अन्न सोडून येथेंच देह ठेवला. त्या बौद्ध पंडितास मरावयास हें गांव परकें वाटलें नाहीं. यापरतें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

आतां गिरड. समुद्रपूर तालुक्यांतील या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. बाबांची कबर दूर पंजाबांत पाकपट्टणला आहे. गिरडला त्यांनीं तप केलें अशी लोकांची श्रद्धा. कैक पिढ्या हिंदु आणि मुसलमान दोघेहि येथें येत आले. टेकडीवर गोल गोल दगड सांपडतात. दोन व्यापाऱ्यांनीं फकिराची थट्टा केली, तेव्हां त्यांच्या नारळासुपाऱ्यांचे दगड झाले, अशी कथा सांगतात. खरें पाहतां, कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखी खडकांत पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्यावाटे खनिज सांचून हे गोटे बनले. हें मुलांना खुशाल सांगा. बाबांचा त्यानें कांहींएक अपमान होत नाहीं. पण कथेचा शेवटहि सांगा. व्यापारी शरण आले, फकिरानें झाडाच्या वाळल्या पानांचा नवा माल करून दिला आणि ते त्याचेच सेवक होऊन राहिले. त्यांची जात, त्यांचा धर्म विचारल्याचें कथेंत कोठें नाहीं.

याच्याशेजारीं दुसरी हकीकत ठेवा. वर्ध्याचें लक्ष्मीनारायणाचें देऊळ अस्पृश्यांना खुलें झालें तें १९२८ सालीं. जमनालाल बजाजांनीं तें धाडस केलें. त्यापूर्वीं ज्यांना हिंदु म्हणून मोजीत, त्यांनाच हिंदूंच्या देवाचें तोंड पाहण्याची बंदी! असा धर्म इतरांशीं समभाव कसा ठेवणार? पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं आणि त्यांच्यामागून लाखों बायाबापड्यांनीं बुद्धाचा मार्ग धरला. त्यांनीं बंद दारापुढें ताटकळत बसणें सोडलें. आज त्यांची मुलेंनातवंडें वर्ध्याच्या पांढऱ्या स्तूपापुढें हात जोडतात. त्यांना 'सर्व धर्म सारखे' एवढें ऐकवून भागत नाहीं. तुमच्या गांवांत भाड्याची खोली देतांना आडनांव विचारतां कीं नाहीं, हें ते विचारतील. उत्तर तयार ठेवा.

म्हणून माझें सांगणें थोडकेंच आहे. कर्ज काढून नवस फेडूं नका. पुजाऱ्याला किंवा मुजावराला दिलेल्या पैशानें पुण्य विकत मिळत नाहीं. तोच पैसा पोरीच्या शाळेस लावा. 'हें स्थान मूळ कोणाचें?' असा वाद कोणी काढील, तर त्याला विचारा, 'बाबा, तूं येथें कोणाला पाणी पाजलेंस?' वाटेंत शिदोरी एका ठिकाणीं सोडा आणि एकमेकांच्या हातचें खा. टेकडीवर हें सोपें असतें. आठ दिवसांनीं स्वतःच्या ओसरीवर हीच पंगत मांडा. ज्याच्या घरीं ती बसेल, त्याची यात्रा झाली असें मी समजेन. बाकीच्यांची नुसती पायपीट!