खांदेरीचा दिवा

ससून डॉकमधून रात्री निघालेली मासेमारीची होडी कुलाब्याचं टोक ओलांडते, तेव्हा तांडेलाला दोन दिवे ओळखावे लागतात. एक प्राँग्जचा, दुसरा खांदेरीचा.

कुलाब्याच्या दक्षिणेला समुद्रात खडकांची रांग गेली आहे. भरतीत ती पाण्याखाली गडप होते. ओहोटीला तिच्यावरून दीपगृहापर्यंत चालत जाता येतं. जहाजं या खडकांवर आपटू नयेत म्हणून १८७५ साली थॉमस ऑर्मिस्टन यांच्या आराखड्यानुसार प्राँग्जचा मनोरा उभा राहिला. लाल, पांढरे, काळे पट्टे ही त्याची दिवसाची ओळख.

खांदेरीची कहाणी त्याहून जुनी. थळच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावर १६७९ साली शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारींना किल्ला बांधायला पाठवलं. मुंबई बंदराचं तोंड इथून नजरेच्या टप्प्यात येतं, म्हणून इंग्रजांनी काम बंद पाडायला जहाजं धाडली. मराठ्यांच्या चपळ होड्या मात्र रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. किल्ला बांधून झाला. पुढे १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन चालून आला. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या माणसांनी त्यालाही माघारी धाडलं.

पेशवाईनंतर बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १८६७ साली तिथे अष्टकोनी दीपगृह उभं राहिलं. मुंबईच्या जहाजांना धाक बसावा म्हणून जिथे तट चढले, तिथूनच त्या जहाजांना वाट दाखवली जाऊ लागली.

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते. नाविक झळका मोजतो, मधल्या अंधाराचे सेकंद मोजतो, नकाशातल्या नोंदीशी ताडून पाहतो आणि दिवा कुठला ते ओळखतो. आज उपग्रह जागा सांगतात. पण यंत्र बंद पडलं, तर ही मोजणीच कामी येते.

कोळी बांधवांचा खांदेरीशी संबंध केवळ दिव्यापुरता नाही. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, तिथे ते श्रद्धेने जातात. जवळच एक मोठा खडक आहे. त्यावर दगड आपटला की भांड्यासारखा खणखणीत नाद येतो.

१९९८ साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. आता तटाबुरुजांची डागडुजी होईल, तेव्हा दीडशे वर्षांहून जुन्या या दीपगृहाचीही तितकीच निगा राखली जावी. आरमार आणि कोळीवाडे, दोन्हींचाही इतिहास या बेटावर नांदतो.