खंजिरीच्या ठेक्यावर जागे झालेले गाव

(राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त बोरगाव मेघे, जि. वर्धा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



राष्ट्रसंतांविषयी वर्धा जिल्ह्यात बोलायचे, याचे थोडे दडपण येते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पेटून उठलेले आष्टी याच जिल्ह्यातले. १९३६ साली महाराज सुमारे महिनाभर महात्मा गांधींच्या सहवासात राहिले, ते तेव्हाचे शेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा नवे चरित्र सांगण्याचा आव मी आणणार नाही. एका प्रश्नाचा विचार करू या. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या, शालेय शिक्षण फारसे न झालेल्या माणिकच्या शब्दांत गावे हलवण्याचे सामर्थ्य आले कुठून?

पहिले उत्तर खंजिरीत आहे. आमच्या गावांना भजन नवे नव्हते; रात्र रात्र जागणारी मंडळे होतीच. महाराजांनी ती सवय मोडली नाही, तिला वळण दिले. लोक देवासाठी जमत आणि परतताना देशाचा विचार घेऊन जात. भक्त म्हणजेच सेना आणि गावातले दगड-झाडे म्हणजेच शस्त्रे, अशी प्रतिमा त्यांनी उभी केली. निःशस्त्र माणसाला ‘तुझ्यापाशी काहीच नाही’ असे न सांगता ‘तुझ्या अंगणात आहे तेच पुरेसे आहे’ असे सांगणारी ही प्रतिमा होती. चिमूर-आष्टीच्या उठावानंतर इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या कारागृहात ठेवले. भजनाची ताकद श्रोत्यांइतकीच सरकारलाही कळली होती!

दुसरे उत्तर ग्रामगीतेत आहे. ४१ अध्यायांचा हा ग्रंथ ओवीत आहे. जात्यावर दळणाऱ्या आजीच्या आणि पारायण ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या कानाला ओवी परकी नाही. तिच्यातून महाराज मोक्षाबरोबरच ग्रामआरोग्य, महिलोन्नती आणि गोवंशसुधार यांविषयी बोलतात. मध्येच श्रोता शंका विचारतो आणि महाराज उत्तर देतात. आपल्या मनातली शंका कवीने आधीच ओळखली, हे पाहून ऐकणाऱ्याचा विरोध गळून पडतो. उपदेश वरून कोसळत नाही. तो पारावरच्या गप्पांसारखा शेजारी येऊन बसतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. महाराजांनी गावालाच देवत्व दिले. ग्रंथ ग्रामदेवतेला अर्पण केला. गाव हेच दैवत म्हटल्यावर रस्ता झाडणे ही पूजा होते आणि एखाद्या बांधवाला विहिरीपासून दूर ठेवणे हा देवाचाच अपमान ठरतो. अस्पृश्यतेविरुद्ध रुक्ष युक्तिवाद पुष्कळ झाले होते. महाराजांनी श्रद्धेलाच समरसतेच्या कामाला लावले. १९६४ साली मुंबईत विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, त्या प्रसंगी त्यांची उपस्थिती होती, हे या दृष्टीने लक्षात ठेवावे. समाज एकसंध व्हायचा तर आधी गावाची पंगत एक व्हावी लागते.

आता थोडे आपल्याकडे वळू. बोरगाव मेघे आज वर्धा शहराला जोडले गेले आहे. वसाहती वाढल्या, घरे पक्की झाली. पण पलीकडच्या गल्लीत कोण आजारी आहे, हे आपल्याला ठाऊक असते काय? ग्रामगीतेला हार घालायचा आणि कचरा शेजारच्या मोकळ्या भूखंडावर टाकायचा, ही भक्ती महाराजांना मानवली नसती. कवीला देव्हाऱ्यात बसवले की त्याचे शब्द निरुपद्रवी होतात. हा धोका तुम्हा-आम्हा कार्यकर्त्यांनाच अधिक आहे, कारण आपल्याला ती भजने पाठ असतात.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे महानिर्वाण झाले. गुरुकुंज मोझरीत पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी जनसमुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. आयुष्यभर शब्दांनी जागवणाऱ्या कवीला मौनाने वंदन! त्या मौनात प्रत्येकाने स्वतःला विचारावे : मी हे भजन नुसते गायले, की जगलो?

उद्या सकाळी आपल्या गल्लीत आपण चारजण झाडू घेऊन उतरलो आणि आजवर ज्या घराचा उंबरा ओलांडला नाही तिथे चहाला गेलो, तर आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.

जय गुरुदेव! भारतमाता की जय!