हसवणाऱ्या माणसाची लेखणी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. गिरणी बंद पडेपर्यंत साचेखात्यात काम केलेला माणूस. कार्यकर्ते म्हणाले, "काका, मुलांसाठी दोन शब्द बोला." मी ठरवलं, कादर खानवर बोलायचं.

हसलात ना? बरोबर आहे. नाव काढलं की गोविंदाबरोबरचा विनोदी सासरा नाहीतर बाप डोळ्यापुढं येतो. पण हा माणूस वाढला कुठं, ठाऊक आहे? इथून जवळच, कामाठीपुऱ्यात.

जन्म काबूलचा. आधीची तीन मुलं लहानपणीच गेली, म्हणून आईबाप याला घेऊन मुंबईला आले. भोवती दारू, मारामाऱ्या. घरात चूल कधी पेटायची, कधी नाही. वस्तीतली पोरं कारखान्यात मजुरीला जात. हाही निघाला. आईनं अडवलं. कादर खान मुलाखतींत सांगायचे : तू आणलेल्या चार पैशांनी ही गरिबी हटणार नाही, ती हटवायची तर शिक, असं आईचं म्हणणं होतं.

मुलगा शिकला. रात्री कब्रस्तानात जाऊन पाठ केलेलं मोठ्यानं म्हणायचा. तिथंच एका नाटकवाल्यानं त्याला हेरलं. पुढं इंजिनियरिंग शिकून भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात शिकवू लागला. दिवसा फळा-खडू, संध्याकाळी नाटक. स्वतः लिहायचं, बसवायचं, कामही करायचं. 'लोकल ट्रेन' नाटकाला स्पर्धेत बक्षीस मिळालं. 'ताश के पत्ते' पाहून दिलीपकुमारांनी त्याला चित्रपटात घेतलं.

१९७२ साली 'जवानी दीवानी'चे संवाद लिहिले. १९७३ ला 'दाग'मध्ये वकिलाची छोटी भूमिका. १९७४ ला मनमोहन देसाईंचा 'रोटी'. तेव्हापासून एका हातात लेखणी, तोंडाला रंग, असं चालू राहिलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी जी मुंबईची बोली बोलतो, ती वस्तीत ऐकलेली आणि कादर खाननं लिहिलेली. १९७८ च्या 'मुकद्दर का सिकंदर'चे संवाद त्यांचेच, आणि त्यात कब्रस्तानात रडणाऱ्या पोराला धीर देणारा फकीरही तेच. मला तर त्या फकिरापुढं लहानपणचा कादरच उभा दिसतो.

आता माझं सांगतो. १९८२ चा संप झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडील संपात. घरात पगार नाही. मी शाळा सोडून एका वर्कशॉपात लागलो. मला कुणी अडवलं नाही. आईला दोष देत नाही, तिला चूल पेटवायची होती. १९८३ साली 'कुली' आला. पैसे साठवून पाहिला. हमाल बोलला की आम्ही शिट्ट्या मारायचो, खलनायक कादर खान दिसला की शिव्या. पुष्कळ वर्षांनी कळलं, हमालाचे शब्दही त्याच माणसानं लिहिलेले. त्या दिवशी वाटलं, आपण चेहरा बघतो, लेखणी बघत नाही.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. १९८३ च्या 'हिम्मतवाला'पासून पुढच्या बऱ्याच चित्रपटांत दोन अर्थांची भाषा आली, बाईमाणसाची टिंगल आली. आईच्या शब्दावर घडलेल्या माणसाकडून ते नको होतं. पण त्याच लेखणीला 'मेरी आवाज सुनो' आणि 'अंगार'च्या संवादांसाठी फिल्मफेअर मिळालं, हेही खरं. विनोदी भूमिकेचं मिळालं ते 'बाप नंबरी बेटा दस नंबरी'साठी.

३१ डिसेंबर २०१८ ला टोरांटोत ते गेले. पद्मश्री जाहीर झाली ती २०१९ साली, माणूस गेल्यावर.

तेव्हा पालकांनो, घरात कितीही ओढाताण असो, पोराचं दप्तर खुंटीला टांगू नका. अडचण असेल तर विहारात येऊन सांगा, मिळून वाट काढू. त्यात कमीपणा नाही. मी पुढं रात्रशाळेत गेलो, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. आणि मुलांनो, सिनेमा जरूर बघा. मात्र सुरुवातीला नावं येतात तेव्हा गप्पा मारू नका. 'संवाद' या शब्दापुढं कुणाचं नाव आहे ते वाचा. उद्या तिथं तुमच्यापैकी कुणाचं नाव आलं, तर मी या वयातही शिट्टी मारीन.

जय भीम.