एक मोहरा आणि सारा डाव



या व्यासपीठावरून बहुधा राज्यकारभार, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची चर्चा होते. आम्ही मात्र आज एका खेळातील देवघेवीची हकीकत सांगणार आहोत. आणि तो खेळही असा, की तो आपल्या गावात कोणी खेळत नाही. तरीही हा विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. कारण त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो मैदानापुरता नाही. एखादी संस्था खालावली आहे, तिच्याजवळ मोलाचे असे एकच माणूस उरले आहे, आणि ते माणूस दुसऱ्याला देऊन टाकल्याशिवाय संस्था पुन्हा उभी राहण्यासारखी नाही. अशा वेळी काय करावे? हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, असे आपली म्हण सांगते. पण ज्याला बियाणे हवे त्याला कोठारातले धान्य विकावेच लागते, हेही आपला शेतकरी जाणतो.

हा प्रश्न १९८९ साली अमेरिकेतील टेक्सास संस्थानात, डल्लास शहराच्या फुटबॉल संघापुढे उभा राहिला. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, अंगावर येणाऱ्या प्रतिपक्षाला चुकवीत किंवा धडक देत पुढे न्यायचा, असा तो खेळ आहे. एका बाजूचे अकरा गडी मैदानात असतात. पण चढाई करणारे अकरा निराळे आणि बचाव करणारे अकरा निराळे. चेंडू घेऊन किती यार्ड पुढे सरकलो यावर सारा हिशेब. डावाची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो क्वार्टरबॅक, आणि त्याच्याकडून चेंडू घेऊन मुसंडी मारतो तो धावणारा गडी. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे आजच्या कथेपुरते पुरे.

आणखी एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागेल, कारण सगळा व्यवहार तिच्यावर उभा आहे. या व्यावसायिक संघांना नवे खेळाडू मिळतात ते महाविद्यालयांतून. दरसाल सर्व संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ साली ही पद्धत सुरू झाली. तिचा नियम मोठा समंजस आहे: जो संघ गेल्या वर्षी सर्वांत खाली राहिला त्याने सर्वांत आधी निवडायचे, आणि जो अजिंक्य ठरला त्याने शेवटी. दुबळ्याला हात मिळावा हा हेतू. पण व्यवहारी माणसांनी त्यातून एक बाजार उभा केला. निवडीची पाळी ही देताघेता येणारी वस्तू झाली. पुढच्या वर्षीची, त्याच्याही पुढच्या वर्षीची पाळी आज विकता येऊ लागली. आंब्याचा मोहर दिसण्याआधीच बाग मक्त्याने द्यावी, तसा हा प्रकार.

आता डल्लासकडे वळू. १९६० साली स्थापन झालेल्या या संघाचे टॉम लँड्री हे पहिले प्रशिक्षक. सलग एकोणतीस हंगाम त्यांनी संघ सांभाळला, अमेरिकेत घराघरांत पोहोचवला. पण चढानंतर उतार येतोच. १९८८ च्या हंगामात सोळा सामन्यांपैकी डल्लासने तीन जिंकले आणि तेरा गमावले. फेब्रुवारी १९८९ मध्ये जेरी जोन्स या तेलव्यवसायातील धनिकाने सुमारे चौदा कोटी डॉलर मोजून संघ व मैदानाचा पट्टा विकत घेतला, आणि पहिले काम केले ते लँड्रींना निरोप देण्याचे. त्यांच्या जागी आले जिमी जॉन्सन. जोन्स आणि जॉन्सन हे अर्कान्सा विद्यापीठाच्या १९६४ च्या अजिंक्य संघातील सोबती. जॉन्सन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये नावाजलेले, पण व्यावसायिक संघ त्यांनी कधी चालवला नव्हता. शहर संतापले. एप्रिलमध्ये लँड्रींच्या सन्मानार्थ डल्लासच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली. नव्या मंडळींचे स्वागत कसे झाले असेल, हे वेगळे सांगायला नको.

अशा या पडक्या वाड्यात एकच झुंबर लखलखत होते. त्याचे नाव हर्शल वॉकर. जॉर्जिया संस्थानातील एका लहान गावचा हा मुलगा. १९८२ साली महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा सर्वोच्च मान, हाइझमन करंडक, त्याने मिळवला होता. १९८८ मध्ये, म्हणजे डल्लास तेरा सामने हरले त्याच वर्षी, तो एकटा १,५१४ यार्ड धावला होता. लोक मैदानावर येत ते त्याला पाहायला.

श्रोतेहो, या दोन आकड्यांवर आपण क्षणभर थांबू: तेरा पराभव, आणि १,५१४ यार्ड. सामान्य प्रेक्षक यातून असा निष्कर्ष काढतो की, वॉकर असून ही गत, तर वॉकर नसता काय झाले असते! जॉन्सननी त्याच आकड्यांचा निराळा अर्थ लावला. हा माणूस याहून अधिक काय करणार? त्याने आपले सर्वस्व दिले, आणि तरीही संघ तळाशीच आहे. मग दोष एका जागेचा नाही, एकवीस जागांचा आहे. आणि एकवीस जागा एका माणसाने भरून निघत नाहीत. शिवाय या खेळात धावणाऱ्या गड्याचे आयुष्य तोकडे. दर सामन्यात पंधरावीस वेळा त्याच्यावर धिप्पाड माणसे कोसळतात. संघ तयार व्हायला तीनचार वर्षे लागणार, आणि तोवर वॉकरचा बहर ओसरलेला असणार. म्हणजे आज जे सोने आहे ते संघाच्या उपयोगी पडण्याच्या वेळी पितळ झालेले असेल. तर ते सोने असतानाच मोडावे.

घेणारा कोण? क्लीव्हलँडच्या संघाने रस दाखवला होता. जॉन्सननी त्या मागणीचा उपयोग दुसऱ्या गिऱ्हाइकाची भूक वाढविण्यासाठी केला. ते दुसरे गिऱ्हाईक म्हणजे मिनेसोटाचा संघ. त्याची अवस्था डल्लासच्या अगदी उलट. बचाव भक्कम, संघ चांगला, पण अजिंक्यपद हुलकावणी देणारे. अमेरिकन फुटबॉलचा जो अंतिम सामना, सुपर बोल, त्यात मिनेसोटा १९७० ते १९७७ या काळात चार वेळा पोहोचले आणि चारही वेळा हरले. त्यांचे व्यवस्थापक माइक लिन यांची खात्री झाली होती की आपले सगळे जमले आहे, फक्त एक धावणारा गडी हवा. ज्याला वाटते की आपल्याला एकच वस्तू कमी आहे, तो त्या वस्तूची वाटेल ती किंमत देतो. वधुवरांच्या बैठकीत बसलेल्यांना हे समजावून सांगण्याचे कारण नाही.

१२ ऑक्टोबर १९८९ रोजी सौदा जाहीर झाला. तोवर डल्लास त्या हंगामातील पाचही सामने हरले होते. मिनेसोटाने वॉकरच्या बदल्यात पाच खेळाडू दिले, आणि त्यांच्यासोबत १९९० ते १९९२ या तीन वर्षांतील निवडीच्या पाळ्या: पहिल्या फेरीच्या तीन, दुसऱ्या फेरीच्या तीन, शिवाय खालच्या काही. या पाळ्यांपैकी बऱ्याच शर्तीच्या होत्या. आलेला खेळाडू डल्लासने ठरलेल्या मुदतीत काढून टाकला, तर त्याच्याऐवजी अमुक पाळी मिळावी, असा करार. लिन यांचा अंदाज असा की, इतका दुबळा संघ चांगले तयार खेळाडू थोडेच सोडणार! ते खेळाडू ठेवतील आणि पाळ्या आपल्याकडेच राहतील. पण जॉन्सनची नजर पहिल्यापासून पाळ्यांवर होती. मिनेसोटाने ज्याला शेपूट मानले तेच डल्लासच्या लेखी अंग होते. मुदत संपण्याच्या सुमारास वाटाघाटी होऊन आलेल्यांपैकी तीन खेळाडूही डल्लासकडेच राहिले आणि पाळ्याही मिळाल्या.

लोकमत काय होते? बहुतेकांना वाटले की मिनेसोटाने डल्लासला लुबाडले. मिनेसोटाकडून पहिल्याच सामन्यात वॉकर १४८ यार्ड धावला आणि मैदान दणाणून गेले. डल्लासने तो हंगाम संपवला तो एक विजय आणि पंधरा पराभव घेऊन. नवा तरुण क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन ज्या अकरा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, ते अकराही संघ हरला. कर्त्या पुरुषाची कसोटी अशा दिवसांत लागते. आज हसे होत आहे आणि उद्याचे फळ अजून डोळ्यांना दिसत नाही, अशा वेळी निर्णयावर ठाम राहणे हे निर्णय घेण्याहून कठीण असते.

फळ आले ते पुढे. १९९० साली मिनेसोटाकडून मिळालेल्या पाळीची अदलाबदल करून डल्लासने सतराव्या क्रमांकावर फ्लोरिडा विद्यापीठाचा एमिट स्मिथ घेतला. बुटका आणि फारसा वेगवान नाही, म्हणून सोळा वेळा त्याला वगळले गेले होते. हाच स्मिथ पुढे २००२ साली साऱ्या व्यावसायिक स्पर्धेच्या इतिहासात सर्वांत जास्त यार्ड धावणारा ठरला. ध्यानात घ्या, वॉकर गेला आणि वॉकरच्या जागेवरच वॉकरहून दीर्घायुषी खेळाडू आला. १९९२ मध्ये मिनेसोटाच्याच पाळीवर बचावाचा खांब डॅरन वुडसन आला. मिळालेली पाळी जशीच्या तशी न वापरता कधी दोनाची एक, कधी एकाच्या दोन करीत जॉन्सननी भांडवल खेळते ठेवले. जोन्स यांचे भागीदार माइक मॅकॉय यांनी १९९१ मध्ये प्रत्येक पाळीला गुण देणारा एक तक्ताच बनवला. पहिल्या पाळीला ३,००० गुण, आणि तेथून उतरती भाजणी. पुढे हे कोष्टक इतर संघांच्याही दप्तरात जाऊन बसले.

परिणाम आकड्यांतच पाहा. १९८९ मध्ये एक विजय. १९९० मध्ये सात. १९९१ मध्ये अकरा. १९९२ मध्ये तेरा. ३१ जानेवारी १९९३ रोजी डल्लासने बफेलोचा ५२-१७ असा फडशा पाडून अजिंक्यपद घेतले. पुढच्याच वर्षी पुन्हा बफेलोलाच ३०-१३ ने हरवले. आणि जॉन्सन संघ सोडून गेल्यावरही १९९६ च्या जानेवारीत तिसरे अजिंक्यपद आले. मिनेसोटाचे काय झाले? १९९० मध्ये सहा विजय, दहा पराभव. वॉकरला तेथे तीन हंगामांत कधी हजार यार्डांचा पल्ला गाठता आला नाही आणि १९९१ नंतर त्याला मोकळे करण्यात आले.

यात वॉकरचा दोष नव्हता, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. त्याची धाव ज्या रचनेत खुलत असे ती रचना मिनेसोटाची नव्हती. रुजलेले झाड उपटून दुसऱ्या मातीत लावले, की त्याच्या फुलण्याची हमी कोणी देऊ नये.

आता या कथेची दुसरी बाजू. आम्ही इतका वेळ माणसांविषयी बोललो ते धान्याच्या पोत्यांविषयी बोलावे तसे. वॉकरला डल्लास सोडायचे नव्हते. सुमारे साडेबारा लाख डॉलर देऊन त्याची संमती मिळवावी लागली. पाच खेळाडूंपैकी डॅरिन नेल्सनने डल्लासला जायचे साफ नाकारले, तेव्हा त्याला सॅन डिएगोला पाठवण्यात आले. बाकीच्यांनी एके सकाळी ऐकले की आपले गाव बदलले. त्या काळी खेळाडूला आपल्या मर्जीने संघ निवडण्याची मोकळीक फारच थोडी होती. न्यायालयात दीर्घकाळ झगडल्यावर १९९३ पासून ती बऱ्याच अंशी मिळाली. त्यापाठोपाठ १९९४ मध्ये संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादाही आली. म्हणजे या सौद्याच्या यशाला त्या काळच्या नियमांचाही हातभार होता. संघहितासाठी माणूस देऊन टाकण्याची गोष्ट जो बोलतो, त्याने त्या माणसाच्या संसाराची, मानाची आणि संमतीची नोंदही त्याच वहीत केली पाहिजे. नाही तर तो हिशेब खोटा.

आणि एक इशारा. डल्लासचे यश पाहून पुष्कळांना वाटले, मोठा खेळाडू विकला की संघ उभा राहतो. तसे नाही. १९९० मध्ये स्मिथच्या जागी दुसरा कोणी निवडला असता, तर आज हाच सौदा मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला गेला असता. पाळी म्हणजे केवळ संधी. तिचे सोने करणारी नजर वेगळी. उलट चूकही पुन्हा घडली. १९९९ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघाने रिकी विल्यम्स या एका धावणाऱ्या गड्यासाठी त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या पाळ्या आणि पुढच्या वर्षीच्या दोन, इतके मोजले. त्या हंगामात तीन विजय आणि तेरा पराभव पदरी पडले, आणि प्रशिक्षकाला जावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच जेरी जोन्स यांनी मायका पार्सन्स हा आपला बचावातील अग्रणी खेळाडू ग्रीन बेला देऊन पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या आणि एक खेळाडू घेतला, तेव्हा वॉकरच्या सौद्याची आठवण पुन्हा निघाली. पण १९८९ चा दाखला देणे सोपे आहे. १९८९ नंतरची तीन वर्षे राबणे कठीण.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मोहरा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. उणीव एका जागेची आहे की साऱ्या रचनेची? जे मिळणार आहे त्याचा उपयोग करण्याची नजर आणि धीर आपल्यात आहे काय? आणि जो जाणार आहे त्याच्याशी आपण माणसासारखे वागलो काय? पहिल्या दोहोंची उत्तरे नीट असतील तर डाव जिंकता येतो. तिसऱ्याचे उत्तर नीट असेल, तरच जिंकलेला डाव मिरवण्याजोगा ठरतो. आपल्या संस्था, आपली मंडळे, आपले कारखाने यांतही मोहरे हलवण्याचे प्रसंग येतात. त्या वेळी कोणाला या दूरदेशीच्या खेळाची आठवण झाली, तर आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.