दया आणि हिशेब : धर्मादाय रुग्णालयातील नैतिक जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय व्यवसायातील नीतिमत्तेचा विषय निघाला की सर्वांच्या डोळ्यांसमोर प्रथम डॉक्टर उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु रुग्णालयात येणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती बहुधा नोंदणीच्या खिडकीशी आणि शेवटची गाठ पडते ती बिलाच्या खिडकीशी. या दोन खिडक्यांच्या आत बसणाऱ्या आम्हां प्रशासकीय मंडळींनाही नीतीचे प्रश्न रोज पडतात, पण त्यांची चर्चा सहसा होत नाही. आज त्यांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. नाडी पाहण्याचे ज्ञान आम्हांस नाही, खतावणी मात्र वाचता येते. कोणास सवलत दिली, कोणास नाकारली, कोणाकडून किती घेतले, हे सारे निर्णय अखेर तेथेच नोंदले जातात.

‘धर्मादाय’ हा शब्द आपल्या फलकावर आहे. त्या शब्दासाठी समाजाने आपल्याला काही आगाऊ दिलेले आहे. न्यास म्हणून आयकरात सवलत मिळते, देणगीदारांना आयकरात वजावट मिळते. याच्या मोबदल्यात काय करावयाचे, हे कायद्याने नेमके सांगितले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. मूळ योजनेत निर्धन कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५ हजार रुपये आणि दुर्बल घटकासाठी ५० हजार रुपये होती. पुढे ती वाढत जाऊन अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये झाली.

हा हिशेब उदाहरणाने पाहू. एखाद्या रुग्णालयाची वर्षाची एकूण बिले २० कोटी रुपयांची असतील, तर निर्धन रुग्ण निधीत ४० लाख रुपये जमा होतील. ऐकण्यास ही रक्कम मोठी वाटते. परंतु अतिदक्षता विभागात महिनाभर राहिलेला एकच रुग्ण तिच्यातील काही लाख रुपये घेऊन जातो. म्हणजे एका रुग्णास हात देताना पुढे येणाऱ्या, अजून ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा रुग्णाचा विचार करावाच लागतो. दया करावी की करू नये, हा प्रश्न आमच्यापुढे क्वचितच असतो. मर्यादित निधीतून ती कोणावर, किती आणि कोणाच्या अधिकाराने करावी, हा खरा प्रश्न आहे.

पहिला पेच अनामत रकमेचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले की, जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो शासकीय सेवेत असो वा नसो. २००६ च्या योजनेतही तातडीच्या रुग्णाकडून धर्मादाय रुग्णालयाने अनामत मागू नये, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावेत, असे बंधन आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर हाच प्रश्न साऱ्या राज्यात चर्चिला गेला. नियम इतका स्वच्छ असताना प्रश्न पुनःपुन्हा का उभा राहतो, याचा विचार प्रशासनाने करावयास हवा.

आमचे उत्तर असे आहे. रात्री दोन वाजता खिडकीवर बसलेला कारकून हा संस्थेतील सर्वांत कनिष्ठ माणसांपैकी एक असतो. समोरचा रुग्ण तातडीचा आहे किंवा नाही, हे त्याला कळत नाही. बिल थकले तर सकाळी आपल्याला जाब विचारला जाईल, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. अशा माणसाकडून नियमपुस्तकातील उदारतेची अपेक्षा करणे म्हणजे संस्थेने आपले ओझे त्याच्या शिरावर ठेवणे होय. म्हणून आपल्या रुग्णालयात अपघात विभागातून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘अनामत’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकारच खिडकीला नाही. तातडी आहे की नाही हे ड्युटीवरील डॉक्टर लेखी ठरवितात, आणि अशा रुग्णाचे बिल वसूल न झाल्यास ती रक्कम कोणाही कर्मचाऱ्याच्या नावावर दाखविली जात नाही. नीतीने वागण्यासाठी कनिष्ठ कर्मचाऱ्याला धैर्य दाखवावे लागू नये, ही व्यवस्था करणे हेच प्रशासनाचे नैतिक कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

दुसरा पेच पात्रतेचा. सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका असा पुरावा लागतो. दाखल्यास काही दिवस जातात, आणि आजार तेवढे थांबत नाही. वीटभट्टीवर काम करणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाकडे कोणताच कागद नसतो. उलट पिवळी शिधापत्रिका पुढे करणाऱ्याची स्वतःची मोटार बाहेर उभी आहे, असेही घडते. सर्वांवर विश्वास ठेवला तर निधी अपात्र माणसांकडे जातो, आणि सर्वांवर संशय घेतला तर खरा गरजू फाटकातूनच परत फिरतो. आपल्याकडे आता प्रथम दाखल करून घेण्याची व चौकशी नंतर करण्याची पद्धत आहे. रुग्णाने स्वतःच्या सहीचे निवेदन द्यावयाचे, वैद्यकीय समाजसेविकेने कुटुंबाशी बोलून, गरज पडल्यास घरी जाऊन अहवाल द्यावयाचा, आणि कागदपत्रांसाठी मुदत द्यावयाची. संशयाचा फायदा दाखल होताना रुग्णाला मिळतो. हिशेबाचा कठोरपणा आम्ही त्यानंतर दाखवितो.

उत्पन्न मर्यादेच्या जेमतेम वर असलेल्या कुटुंबाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. वर्षाला ३ लाख ५५ हजार मिळविणारा रिक्षाचालक सवलतीस पात्र ठरतो, आणि ३ लाख ६५ हजार मिळविणारा त्याचा शेजारी ठरत नाही. दोघांच्या घरातील चिंता सारखीच असते. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या रेघेच्या पलीकडील माणसासाठी निर्धन रुग्ण निधीतून खर्च करता येत नाही. तेथे केवळ आपल्या देणग्याच उपयोगी पडतात. आपण ‘रुग्णसाहाय्य’ म्हणून दिलेली रक्कम कोठे जाते, असे अनेकजण विचारतात. ती बहुतांशी याच रेघेच्या पलीकडे जाते.

आता एक नाजूक गोष्ट सांगतो, आणि ती आपलेपणानेच सांगतो. देणगीदार, लोकप्रतिनिधी, कधी विश्वस्तांचे स्नेही यांची शिफारसपत्रे आमच्याकडे येतात. त्यांतील बहुतेक खऱ्या कळकळीने लिहिलेली असतात, आणि शिफारस केलेला माणूस पुष्कळदा खरोखरच गरजू असतो. परंतु राखीव खाट एकच रिकामी असेल आणि दोन निर्धन रुग्ण असतील, तर ज्याच्यासाठी पत्र लिहिणारे कोणी नाही तोच मागे राहण्याचा धोका असतो. गरिबांतही ओळखीचा गरीब आणि बिनओळखीचा गरीब असे दोन वर्ग पडू लागले, तर ‘धर्मादाय’ शब्दाला अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक शिफारसपत्र नोंदवहीत लिहिले जाते, त्याला उत्तर दिले जाते, परंतु क्रम ठरतो तो आजाराच्या गांभीर्यावर आणि उत्पन्नावर. विश्वस्त मंडळाने या पद्धतीस पाठिंबा दिला, त्यामुळेच आम्ही ती पाळू शकतो. देणगीदारांनी तिचा राग मानला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

तिसरा पेच सर्वांत कठीण आहे, आणि त्याला सर्वजण ‘कट प्रॅक्टिस’ म्हणून ओळखतात. रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली घेणे अथवा देणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरविले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करविला होता. दलाली रोख पाकिटातूनच दिली जाते असे नाही. ‘प्रचारखर्च’, ‘सल्ला शुल्क’, ‘शिबीर मानधन’ अशा सभ्य शीर्षकांखालीही ती खतावणीत शिरू पाहते. वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की, खात्याचे नाव बदलल्याने व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही. आणि ही रक्कम शेवटी भरतो तो रुग्णच.

तरीही यात पेच आहे. दलाली न देणाऱ्या रुग्णालयाकडे रुग्ण पाठविणे काही मंडळी थांबवितात. पैसे भरणारे रुग्ण कमी झाले की एकूण बिले कमी होतात, आणि त्यांवर अवलंबून असलेला २ टक्क्यांचा निर्धन रुग्ण निधीही घटतो. म्हणजे आपल्या सचोटीची किंमत काही अंशी गरीब रुग्ण मोजतो! ‘थोडी तडजोड करा, त्या पैशातून चार गरिबांचे भले करा’ असा सल्ला आम्हांस भल्या माणसांनीही दिला आहे. हा युक्तिवाद सहज खोडून काढता येण्याजोगा नाही. तथापि एका रुग्णाच्या बिलात लपविलेली दलाली घालून दुसऱ्या रुग्णास मोफत उपचार देणे याला दान म्हणता येणार नाही. ज्याच्याकडून घेतले त्याला न विचारता केलेली ती वसुली आहे. शिवाय दलालीसाठी पाठविलेल्या रुग्णावर अनावश्यक तपासण्यांचा भार पडतो, आणि डॉक्टरांचे मत स्वतंत्र राहत नाही. म्हणून विश्वस्त मंडळाच्या ठरावाने आपण हे दार बंद ठेवले आहे. त्यामुळे येणारी तूट ही संस्थेने जाणूनबुजून पत्करलेली तूट आहे. ताळेबंद वाचताना आपण ती तशीच वाचावी, अशी विनंती आहे.

चौथा प्रश्न अखेरच्या दिवसांचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये, पुढे २०१८ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबविण्याची कार्यपद्धती क्रमाने स्पष्ट केली. सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य झाला, आणि २०२३ च्या आदेशाने वैद्यकीय मंडळांच्या निर्णयाची रीत सुलभ झाली.

यातील वैद्यकीय बाजूविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. हिशेबाची बाजू मात्र सांगितली पाहिजे. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक दिवस रुग्णालयाच्या जमेत पडतो आणि कुटुंबाच्या कर्जात पडतो. उपचार चालू ठेवण्याचा सल्ला देणारी संस्था आणि त्या उपचारांचे बिल करणारी संस्था एकच असते. नातेवाइकांच्या मनात शंका येते, आणि ती येणे अयोग्य नाही. या शंकेला उत्तर एकच, ते म्हणजे उघडेपणा. अतिदक्षता विभागातील प्रत्येक रुग्णाच्या कुटुंबाला रोज त्या दिवसापर्यंतचे बिल मराठीत, लेखी दिले जाते. प्रकृतीविषयीच्या बैठकीत डॉक्टर आणि कुटुंबीय असतात, बिल विभागाचा कोणीही नसतो. उपचार थांबविण्याविषयी कुटुंबाने विचारल्यास, बिल किती थकले आहे याचा त्या चर्चेशी संबंध येऊ दिला जात नाही.

थकलेल्या बिलाविषयी आणखी एकच मुद्दा. बिल भरले नाही म्हणून रुग्णास अथवा पार्थिवास अडवून ठेवता येत नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी हे स्पष्टपणे सांगितले आहे. आपल्याकडे अशा वेळी हप्त्यांचे लेखी वचन घेऊन डिस्चार्ज दिला जातो. ज्यांना परवडते आणि तरीही जे भरत नाहीत, त्यांना आमची नम्र विनंती आहे की, ही बाकी अखेर कोणा तरी गरीब रुग्णाच्या वाट्यातून जाते.

या सर्व उदाहरणांतून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. दयाळू माणसे प्रत्येक संस्थेत असतात, आणि आपल्याकडे ती पुष्कळ आहेत. परंतु त्या दिवशी खिडकीवर दयाळू माणूस बसला आहे की नाही, यावर रुग्णाचे भवितव्य ठरू नये. पेच संस्थेने स्वतःच्या अंगावर घ्यावा, निर्णय एकाने न घेता समितीने घ्यावा, आणि नकार द्यावा लागलाच तर त्याचे कारण रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून द्यावे. ज्या नकाराचे कारण लिहिण्यास आपला हात थबकतो, तो नकार पुन्हा तपासून पाहावा, असा दंडक आम्ही स्वतःपुरता घालून घेतला आहे.

रुग्णांच्या आप्तांनी बिलातील प्रत्येक रकमेविषयी निःसंकोचपणे विचारावे. तो आपला हक्क आहे. देणगीदारांनी देणगीइतक्याच आस्थेने आमच्या हिशेबाकडे पाहावे. आणि विश्वस्त मंडळाने आजवर जशी सचोटीपायी आलेली तूट समजून घेतली, तशीच ती पुढेही समजून घ्यावी, ही प्रार्थना.